डोणीतली चोच

१

सोमवारी सकाळी डुकरांच्या डोणीत एक चोच सापडली, आणि तिच्यापायी आमच्या सालेवाओ गावाचं वाटोळं झालं.

डोण पेसामिनोची. गावच्या मेजवान्यांची डुकरं तोच पाळतो, गावाबाहेर, अळूच्या मळ्याला लागून. मयताच्या जेवणासाठी डुक्कर निवडायला उलुगिया तिथे गेला होता. आमच्या पंचायतीत बारा मताई, म्हणजे बारा कुळांचे मुख्य. उलुगियाचा आवाज त्या बाराजणांत सगळ्यात मोठा आणि मन सगळ्यात लहान. त्याला खरकट्यात काहीतरी पांढरं दिसलं. काठीने ओढून काढलं तर पाखराची कवटी, चोचीसकट. चोच वरून पोपटासारखी वाकडी आणि खालच्या जबड्याला दोन्ही बाजूंनी दाते.

असले दाते एकाच कबुतराला असतात, मानुमेआला. ते जगात दुसरीकडे कुठेच नाही. शेजारच्या बेटावरून ते नाहीसं होऊन बरीच वर्षं झाली. आमच्या रानात एक जोडी उरली होती, डोंगरापलीकडच्या घळीत, मोठ्या माओता झाडावर. तीन वर्षांपूर्वी पंचायतीने ठराव केला होता की कुठलंच कबूतर मारायचं नाही, आणि मानुमेआ मारील त्याला बायकामुलांसकट गावाबाहेर काढायचं, घराचे खांब उपटून.

दुपारी माझ्या भावाच्या, तानिएलूच्या घरात पंचायत बसली. मी कोपऱ्यात उशांना टेकून पडले होते. मी फुआतिनो. छत्तीस वर्षं या भागात नर्स होते. तिथे बसलेल्या प्रत्येक मताईला मी कधी ना कधी पालथं पाडून सुई टोचली आहे, त्यामुळे माझ्यापुढे कुणी फारसा तोरा मिरवत नाही. पित्ताशय काढून घेऊन शुक्रवारीच राजधानीतून, आपियाहून परतले होते. महिनाभर तोंडाला चव नव्हती, माती खाल्ली काय आणि मासा खाल्ला काय, सारखंच. रविवारी वहिनीने, फिलिगाने, कोंबडीचं कालवण दिलं तेव्हा कुठे दोन वाट्या पोटात गेल्या आणि उठून बसण्याइतकं बळ आलं.

"डोण कुणाची? पेसामिनोची," उलुगिया गरजला. "गावात बंदुका तीन. एक माझी, एक पंचायतीची, ती तानिएलूच्या पेटीत, आणि एक ह्याची. अजून काय पाहिजे?"

"मी मारलं असतं तर मुंडकं माझ्याच डोणीत टाकलं असतं का?" पेसामिनो बाहेर उन्हात मांडी घालून बसला होता. त्याला मताईपद नाही, म्हणून आत जागा नाही. "अख्ख्या गावाचं खरकटं येतं माझ्याकडे. रविवारी तर घराघरातून बादली."

"बादली आली आणि तू डोळे मिटून ओतलीस?"

"डुकरांना वाढताना काय देवाचं नाव घेऊन निवडायचं असतं, मालक?"

दोघंचौघं हसले. मग वनखात्यातली मोएउला पुढे आली आणि हसणं थांबलं. ही आपियाची मुलगी तीन वर्षं आमच्या रानात पाय झिजवत होती. माओताच्या झाडाला तिने आवाज टिपणारं यंत्र बांधलं होतं.

"शनिवारचं आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी बॅटरी बदलली तेव्हा घड्याळ बंद पडलं, म्हणून वेळ कळत नाही. पण ऐका."

आधी मानुमेआ घुमली, खोल, लांबट. मग दूरवर शंख वाजला. आणि शंख विरतोय तोच बार झाला. पंखांची फडफड, आणि मग नुसता वारा.

शंख म्हणजे संध्याकाळची प्रार्थना. त्या वेळी आमच्याकडे माणूस रस्त्यावर दिसला तरी दंड होतो. सगळं गाव घराघरात मांडी घालून स्तोत्रं म्हणत होतं. म्हणजे बार काढणारा प्रार्थनेला नव्हता. आणि गावाबाहेर, कुणाच्या नजरेत न येता राहणारा माणूस एकच होता.

"मी मुलींबरोबर घरीच होतो," पेसामिनो म्हणाला. बिनआईच्या तीन मुली, साक्षीला त्याच.

"गुरुवारी खांब उपटायचे," उलुगिया म्हणाला.

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेला तानिएलू बोलला. "गुरुवारी पुन्हा बसू. तोवर चौकशी होऊ दे." आणि त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "चौकशी ताई करेल."

२

आमच्या गावात कुणाच्याही स्वयंपाकघरात विचारल्याशिवाय शिरायचा हक्क फक्त बायकांच्या समितीला आहे. मंगळवारी आम्ही शिट्टी फुंकत फिरतो. अंथरुणं, भांडी, संडास, सगळं बघतो आणि घाण असेल तिथे चारचौघांत सांगतो. मी समितीची प्रमुख. पोटाला टाके होते, तरी काठी घेऊन निघाले. पोलिसाला लोक खोटं सांगतात, पण शिट्टी गळ्यात अडकवलेल्या बाईपुढे आधी आपली काळी पातेली लपवायला धावतात, आणि त्या गडबडीत खरं बोलून जातात.

उलुगियाच्या अंगणात मी त्याचीच बंदूक मागितली. नळीत कोळ्याचं जाळं होतं.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "नर्सबाई, उगाच कष्ट घेता. त्याला गावाबाहेर काढलं की सुटलो."

"आणि त्याचा अळूचा मळा? तो कुणाकडे जाईल?"

"मळा माझ्या बांधाला लागून आहे, हा काय माझा गुन्हा?"

"बांधाला लागून आहे म्हणून तुमचा आवाज इतका चढतो, एवढंच म्हणते. शनिवारी शंखाच्या आधी कुठे होता?"

"पाद्र्यांच्या अंगणात. डुकराचं वजन करत होतो. तुमचा पेसामिनोच घेऊन आला होता ते, विचारा त्याला."

मी पाद्र्यांच्या घरी गेले. पाद्रीणबाई चादरी झटकत होत्या, तशी ती बाई मंगळवारशिवाय कधी झटकत नाही.

"होते की दोघं, दुपारपासून," त्या म्हणाल्या. "वीसेक माणसं होती. पेसामिनो तर पहिला शंख होईपर्यंत इथेच होता. मीच म्हटलं, अरे जा, अंगाला डुकराचा वास येतोय, असा प्रार्थनेला बसणार आहेस का? मग गेला घाईघाईने."

"इथून त्याच्या घराला किती वेळ लागतो?"

"दहा मिनिटं."

"आणि घळीतल्या माओतापर्यंत?"

"अगं बाई, डोंगर चढून उतरायचा. तासभर तरी."

मी त्यांच्या पायरीवरच बसले. आमच्या गावात पहिल्या शंखानंतर दहा मिनिटांत दुसरा आणि प्रार्थना संपली की तिसरा. पहिल्या शंखाला पेसामिनो इथे, आणि यंत्रात शंख वाजतोय तोच घळीत बार. पेसामिनो काय उडत गेला? मग उलुगियाही सुटला. आणि अख्खं गाव आधीच सुटलेलं. मग गोळी झाडली कुणी?

३

बुधवारी सकाळी मी मोएउलाला ते टिपलेले आवाज पुन्हा लावायला सांगितलं. एकदा, दोनदा, सात वेळा.

"मावशी, काय शोधताय?"

"थांब गं. तुमच्या कानात ते बोळे घालून ऐकता म्हणून तुम्हाला काही ऐकू येत नाही."

खरं म्हणजे मलाही सोमवारी ऐकू आलं नव्हतं. शंख वाजला की आमची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय अशी की हातातलं काम टाकायचं आणि घरात जायचं. शंख कसा वाजला हे कुणी ऐकतच नाही. बाराच्या बारा मताईंनी ऐकला आणि बाराजणांनी आपलाच धरला.

पण आमच्या शंखाला चीर आहे. शेवटी तो फरफरतो, सर्दी झालेल्या म्हाताऱ्यासारखा. यंत्रातला शंख शेवटपर्यंत स्वच्छ होता.

"हा आमचा नाही," मी म्हणाले. "हा डोंगरापलीकडच्या गावाचा. घळ त्यांना जवळ. त्यांचे पाद्री म्हातारे झालेत, लवकर झोपतात, म्हणून त्यांची प्रार्थना आमच्या आधी तासभर असते."

मोएउलाने पेन खाली ठेवलं. "म्हणजे बार झाला तेव्हा तुमची प्रार्थना सुरूच झाली नव्हती."

"तासभर अवकाश होता. आणि त्या तासात घळीतून चालत येऊन माणूस प्रार्थनेला बसू शकतो."

पेसामिनो सुटला, या आनंदात मी पटकन उठले आणि टाक्यांनी कळ मारली. बार झाला तेव्हा तो वीस माणसांत उभा होता, आणि उलुगियाही तिथेच. तीन बंदुकांपैकी दोन मोकळ्या झाल्या. तिसरीचा विचार मी केला नाही. आपल्या माणसापाशी आलं की डोकं आपोआप बंद पडतं, आणि मी तर ते आनंदाने बंद पडू दिलं. पंचायतीची पेटी कुणीही उघडू शकतं, असं मी स्वतःला सांगितलं. मग मोएउलाला म्हणाले, "ती कवटी दाखव बघू."

४

कवटी तिने डबीत कापसावर ठेवली होती. मी ती खिडकीपाशी नेली. हाडं मी आयुष्यभर बघितली आहेत, तुटलेली, सांधलेली, जळलेलीही.

ही जळलेली नव्हती. रविवारी आमच्याकडे पहाटे तापलेले दगड रचून उमू लावतात आणि सगळं त्यातच भाजतं. भाजलेल्या पाखराचं हाड तपकिरी होतं, कडा करपतात. हे पांढरंधोप होतं. सांधे सुटलेले, मांस अलगद निघालेलं, चोचीचा रंगसुद्धा पाण्यात उतरलेला. हे शिजवलं होतं, पातेल्यात, मंद आचेवर, डोक्यासकट. जुने शिकारी करायचे तसं. आमचे वडील करायचे तसं.

मानुमेआ शनिवारी संध्याकाळी मेली. बादल्या डोणीत गेल्या रविवारी दुपारी. शनिवारी प्रार्थनेनंतर गावात कुणी चूल पेटवत नाही, म्हणजे पातेलं रविवारी सकाळी चढलं. आणि रविवारी चूल पेटवायची आमच्या गावात बंदी आहे. उमूशिवाय धूर दिसला तर समिती दंड करते, म्हणजे मीच करते. सूट एकच आहे, घरात आजारी माणूस असेल तर त्याच्यापुरतं पातेलं चढवता येतं.

गेल्या रविवारी गावात आजारी कोण होतं, याची यादी माझ्याइतकी कुणाला पाठ असणार?

यादीत एकच नाव होतं. माझं.

५

फिलिगा मागच्या बाजूला नारळ खवत होती.

"वहिनी, रविवारची ती कोंबडी कुठली गं?"

"आपलीच की, वन्सं."

"आपल्या नऊ होत्या. आत्ताच मोजून आले. नऊच आहेत."

तिचा हात थांबला. मग तिने खवणीवरच कपाळ टेकलं आणि रडू लागली. "मी नको म्हटलं होतं हो. देवाशप्पथ नको म्हटलं होतं."

तानिएलू आत होता. त्याने माझा आवाज ऐकला असावा, कारण मी गेले तेव्हा तो नीट मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता, मताई पंचायतीत बसतो तसा. शनिवारी दुसरा शंख झाल्यावर तो धापा टाकत आला होता आणि खांबाआड बसला होता, ते मला आठवलं. मी तेव्हा त्याला विडी सोड म्हणून झापलं होतं.

"तू," मी म्हणाले.

"हो."

"का रे?"

"इस्पितळात तू म्हणालीस, बाबांच्या हातचं लुपेचं कालवण मिळालं तर जगेन, नाहीतर नाही."

लुपे म्हणजे आमच्याकडचं साधं रानकबूतर. मी कधी म्हणाले ते मला आठवतसुद्धा नव्हतं. "मी तापात बरळले असेन, गाढवा!"

"बहीण बरळली काय आणि बोलली काय. भावाने ऐकायचं, बास." तो माझ्याकडे बघत होता, पण नेहमीसारखा जरा बाजूला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दोन वर्षं मी मागे लागले होते, तो चालढकल करत होता. "फांदीवर काळं दिसलं. लुपेच वाटलं. उचललं तेव्हा चोच हाताला लागली. दाते लागले."

"मग तिथेच पुरायचं होतंस!"

"मेलंच होतं ते, ताई. आणि तू उपाशी होतीस."

मी त्याला मारलं. साठ वर्षांच्या मताईच्या दंडावर काठीने, दोनदा. त्याने हात मध्ये घातला नाही.

"सांगितलं का नाहीस? तीन पोरी रस्त्यावर येणार होत्या त्या पेसामिनोच्या!"

"सांगायला तोंड उघडलं होतं. पण पुढचा प्रश्न काय असता? मारलंस, मग खाल्लं कुणी? पंचायतीत तुझं नाव मी कसं घेऊ? म्हणून तुला नेमलं. म्हटलं, तू शोधशीलच. तू शोधलंस की माझ्या तोंडून निघायला नको."

माझ्या भावाइतका मूर्ख माणूस मी पाहिला नाही, आणि त्या क्षणी मला तो इतका आवडत होता की राग कुठे ठेवावा कळेना.

६

गुरुवारी पहाटे तानिएलूने घरातली बारीक विणीची चटई काढली, आमच्या आईच्या लग्नातली. ती डोक्यावर पांघरून तो पेसामिनोच्या दारासमोर जमिनीवर जाऊन बसला. अपराध्याने असं बसायचं, आणि ज्याचं वाईट केलं त्याने येऊन चटई उचलायची. उचलली तर माफी. नाही उचलली तर दिवसभर बसून राहायचं, उन्हात, पावसात. कुऱ्हाड घेऊन आला तरी हलायचं नाही. पेसामिनोने फार वेळ लावला नाही. "उठा, मालक," तो म्हणाला. "मुली बघताहेत. बरं दिसत नाही."

पंचायतीत तानिएलूने सगळं सांगितलं. आवाजही हलला नाही त्याचा. उलुगियाने घसा खाकरला.

"आणि खाल्लं कुणी?"

"मी. एकट्याने."

बायका पंचायतीत बोलत नाहीत. मी मागच्या खांबाला धरून उभी राहिले.

"खोटं बोलतोय तो. मी खाल्लं."

"ताई, बस खाली."

"तू गप्प बस. मंडळी, दोन वाट्या खाल्ल्या मी. कोंबडी म्हणून वाढलं होतं, पण पहिल्याच घोटाला मला कळलं की ही कोंबडी नाही. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून खाल्लेली चव मी विसरेन का? मला वाटलं, लुपे असेल. बंदी मोडलीय हे कळलं, भावानेच मोडलीय हेही कळलं, आणि तरी मी दुसरी वाटी मागितली. त्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं. मला सगळं दिसत होतं, आणि चौकशी करत गावभर शिट्टी फुंकत मीच फिरले."

ठराव त्यांचाच होता, बदलता येत नव्हता. तानिएलूच्या घराने शनिवारी दुपारपर्यंत गाव सोडायचं. नर्सबाईंनी राहिलं तरी चालेल, ते म्हणाले, गावाला गरज आहे. मी म्हणाले, आभारी आहे, मी माझ्या भावाच्या घरात राहते.

शुक्रवारी मोएउला झाडावरचं यंत्र काढून घेऊन आली. मागे उरलेला नर बुधवारपर्यंत सकाळ-संध्याकाळ घुमत होता, ती म्हणाली. नंतर नाही.

"कदाचित दुसऱ्या रानात गेला असेल, मावशी."

"कदाचित," मी म्हणाले. आजाऱ्यांच्या नातेवाइकांशी छत्तीस वर्षं मी याच आवाजात बोलत आले आहे.

शनिवारी ट्रक आला. पोरांनी खांब उपटले, पत्रे भरले, नऊ कोंबड्या टोपलीत घातल्या. फिलिगा पुढे चढून बसली. तानिएलूचा पत्ता नव्हता, आणि चटईही जागेवर नव्हती. तेव्हा मला कळलं. ट्रकवाल्याला थांबायला सांगून मी डोंगर चढले, टाके धरून, दर दहा पावलांवर बसत.

तो माओताच्या झाडाखाली होता. चटई डोक्यावरून जमिनीपर्यंत, आत काहीतरी वाकून बसलेलं. पहाटेपासून बसला असणार, चटईवर वाळलेली पानं पडली होती.

"तानिएलू, ऊठ. ट्रक आलाय."

"अजून कुणी उचलली नाही."

"कोण उचलणार, राजा? कुणी उरलं नाही."

मी वर बघितलं. फांद्या, पानं, मागे आभाळ. खाली रस्त्यावर ट्रकने भोंगा वाजवला.

चटई उचलायचा हक्क माझा नव्हता. दोन वाट्या खाल्लेल्या बाईचा कसा असेल? मी काठी बाजूला ठेवली, चटईची कड वर केली आणि आत शिरून त्याच्या शेजारी बसले. तो जरा सरकला, मला जागा व्हावी म्हणून. आत अंधार होता आणि गवताचा वास होता. भोंगा पुन्हा वाजला, मग आणखी एकदा. आम्ही दोघंही हललो नाही.